समोरून येणारा माणूस

आमच्या शहरातील दिवाबत्तीचे काम करणाऱ्या मंडळींची एक संस्था आहे. दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी तिची अभ्याससभा भरते, आणि गेल्या मार्गशीर्षातल्या सभेत बोलण्याची पाळी माझी होती. विषय मीच सुचवला होता: वसाहतीच्या अंतर्गत रस्त्यांवरील उजेड. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका जुन्या वसाहतीतील सोडियमचे दिवे काढून तेथे एलईडी बसवण्याचे काम मी नुकतेच पूर्ण केले होते आणि त्या कामाचे मला समाधान होते. सहा मीटर उंचीचे पोल, दोन पोलांमध्ये बावीस मीटर अंतर, सपाट काचेचे फिटिंग, रात्री अकरानंतर उजेड निम्म्यावर आणणारी व्यवस्था, आणि रस्त्यावर मोजलेला सरासरी ९ लक्स उजेड (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक). रस्त्यांच्या दिवाबत्तीचे आपले मानक, म्हणजे आयएस १९४४, कमी रहदारीच्या दुय्यम रस्त्यांसाठी सरासरी ४ लक्स पुरेसे मानते. त्याच्या दुपटीहून अधिक उजेड मी पूर्वीपेक्षा निम्म्याहून कमी विजेत दिला होता. पडद्यावर आलेख आले, रात्रीची छायाचित्रे आली, विजेच्या बिलांची तुलना आली. टाळ्याही झाल्या.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेत एक काका उभे राहिले. आयुष्यभर पोलांवर चढून दिवे बदलण्याचे काम केलेले हे काका निवृत्त झाल्यावरही सभेला नेमाने येतात, वहीत काहीतरी लिहून घेतात आणि सहसा बोलत नाहीत. त्यांनी विचारले, "मॅडम, उजेड झकास आहे. पण समोरून येणारा माणूस ओळखू येतो का?"

मी उत्तर दिले की सरासरी ९ लक्स आहे, सर्वांत कमी आणि सरासरी उजेडाचे गुणोत्तरही मानकात बसते. काका क्षणभर थांबले, "बरं," म्हणाले आणि खाली बसले.

तो "बरं" मी घरी घेऊन आले. त्यात नाराजी नव्हती. विचारलेल्याचे उत्तर मिळाले नाही, आणि ते आता मिळणारही नाही, एवढे समजून घेतलेल्या माणसाचे ते "बरं" होते. त्यांनी माणसाच्या चेहऱ्याबद्दल विचारले होते आणि मी जमिनीबद्दल सांगितले होते. सभागृहातील चाळीसएक जणांपैकी कुणालाही ते खटकले नाही, हे मला अधिक लागले, कारण आम्ही सगळेच जमीन मोजणारे आहोत. लक्समीटर रस्त्यावर उताणा, आभाळाकडे तोंड करून ठेवायचा, आकडा लिहायचा, पुढच्या खुणेवर जायचे. अशा शेकडो रात्री मी मोजल्या आहेत. त्या रात्रींत माझ्या समोरून कोण गेले, हे मला आठवत नाही.

मी या सभांना पहिल्यांदा गेले ती १९९८ मध्ये, ज्यांच्याकडे उमेदवारी करत होते त्या साहेबांच्या स्कूटरवर मागे बसून. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्युत विभागातील वरच्या मजल्यावरची खोली होती. लाकडी बाक, भिंतीवर मोटारींच्या जुन्या आकृत्या, कोपऱ्यात स्टीलच्या पिंपात चहा आणि वर्तमानपत्रावर काढून ठेवलेले बटाटेवडे. त्या दिवशीचा विषय दिव्यांचे रंगदर्शन हा होता. वक्त्यांनी तीन कप्प्यांची एक प्लायवूडची पेटी आणली होती. एका कप्प्यात साधा पिवळा बल्ब, दुसऱ्यात ट्यूबलाइट, तिसऱ्यात सोडियमचा दिवा. त्यांनी एकाच लाल काठाच्या हिरव्या खणाचे तीन तुकडे तिन्ही कप्प्यांत ठेवले आणि खोलीतले दिवे घालवायला सांगितले. बल्बखाली लाल काठ पेटल्यासारखा दिसत होता, ट्यूबखाली तो थंडावला होता, आणि सोडियमखाली लाल आणि हिरवा या दोन्हींचा एक मातकट, तपकिरी रंग झाला होता. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात आई साडी घेऊन पायरीवर का येत असे, "बाहेरच्या उजेडात बघू" असे का म्हणत असे, हे मला त्या अंधाऱ्या खोलीत समजले. पुस्तकात मी रंगदर्शनाचा निर्देशांक शिकले होते. सोडियमच्या दिव्याचा तो शंभरापैकी जेमतेम २०-२५ असतो, हे परीक्षेत लिहिलेही होते. पण तो आकडा म्हणजे एका खणाचे असे विझून जाणे आहे, हे मला तोवर कुणी दाखवले नव्हते.

त्यानंतर क्वचितच सभा चुकली. नाटकांना प्रकाशयोजना करणारे एक गृहस्थ येऊन गेले, तेव्हा त्यांनी एका विद्यार्थ्याला खुर्चीवर बसवून एकच स्पॉट त्याच्या डोक्यावरून, बाजूने, खालून आणि समोरून टाकून दाखवला. तोच मुलगा चार वेळा चार माणसे झाला. डोक्यावरून उजेड आला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, नाकाची सावली ओठांवर पडते आणि चेहरा कवटीसारखा दिसू लागतो, हे त्यांनी सांगण्याची गरज उरली नव्हती. एकदा नेत्रतज्ज्ञ आल्या. डोळ्यात पाहण्याच्या शलाका आणि शंकू यांखेरीज प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या आणखी पेशी असतात, आणि त्या आपल्याला दिवस-रात्रीचे भान देतात, हा २००२ मधला शोध त्यांनी इतक्या आनंदाने सांगितला की सभा रात्री दहापर्यंत लांबली. त्याच व्याख्यानात त्यांनी सांगितले होते की साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळे, धूसर होत जाते. आणि त्याच धूसर भिंगात प्रखर दिव्याचा प्रकाश विखुरतो, म्हणून म्हाताऱ्या माणसाला उजेड अधिक लागतो आणि उजेडाचा त्रासही अधिक होतो. हे मी वहीत लिहून घेतले होते. काकांच्या प्रश्नानंतर ती वही मी शोधून काढली. त्या ओळीखाली मी तेव्हा दोन रेघा मारल्या होत्या, आणि तरीही वसाहतीच्या आराखड्यात साठीच्या डोळ्यांचा विचार कुठेही नव्हता. त्या वसाहतीत निम्मी घरे निवृत्त माणसांची आहेत.

अशा सभांची परंपरा आपल्याला वाटते त्यापेक्षा जुनी आहे. १९०६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दिवाबत्तीच्या अभियंत्यांची पहिली संस्था निघाली आणि १९०९ मध्ये लंडनला तशीच दुसरी उभी राहिली. लंडनच्या संस्थेचे पहिले अध्यक्ष भौतिकशास्त्रज्ञ सिल्व्हेनस थॉम्प्सन होते आणि ती उभी करण्यामागची धडपड लिऑन गॅस्टर यांची होती. तो काळ मोठ्या चुरशीचा होता. रस्त्यांवर गॅसचे दिवे होते, त्यांच्या जाळीदार मँटलचा उजेड पूर्वीच्या ज्योतींपेक्षा कितीतरी पांढरा झाला होता, आणि दुसरीकडे टंगस्टनच्या तारेचे विजेचे दिवे नुकतेच बाजारात येत होते. गॅसवाले आणि वीजवाले एकमेकांची गिऱ्हाइके ओढत असताना त्यांना, वास्तुरचनाकारांना आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना एका सभागृहात बसवून या लोकांनी चर्चा ठेवल्या त्या कशाच्या? डोळे दिपवणाऱ्या उजेडाच्या, शाळेतल्या बाकावर किती उजेड हवा याच्या, उजेड मोजायचा कसा याच्या. कुणाचा दिवा चांगला हा प्रश्न बाजूला ठेवून माणसाला नीट दिसते का, हे विचारण्यासाठी ती जागा होती. मला हे फार मोलाचे वाटते. आमच्या सभेतही एकमेकांविरुद्ध निविदा भरणारे लोक शेजारी बसून एकाच ताटलीतला वडा खातात, आणि एखाद्याचे फिटिंग पावसाळ्यात पाणी का धरते, हे दुसरा त्याला मनापासून समजावून सांगतो.

अर्थात आता सगळ्या सभा तशा होत नाहीत. एलईडी आल्यापासून दर सहा महिन्यांनी नवे काहीतरी बाजारात येते, आणि अनेक संध्याकाळी व्याख्यानाच्या नावाखाली एखाद्या मालाची माहितीपुस्तिका पडद्यावरून वाचली जाते. २०२० नंतर बरीच वर्षे सभा संगणकाच्या पडद्यावरच भरत होत्या. दूरगावचे वक्ते त्यामुळे ऐकायला मिळाले, हे खरे आहे. पण उजेड हा विषय पडद्यावरून शिकवता येत नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे. डोळे दिपणे पडद्यावर दाखवता येत नाही, कारण पडदा स्वतःच्या तेजापलीकडे जाऊ शकत नाही. छायाचित्रातला दिवा कितीही प्रखर असला तरी आपण त्याच्याकडे सुखाने पाहत राहतो. अंधारही दाखवता येत नाही, कारण कॅमेरा त्याच्या सोयीने अंधार उजळून घेतो. मी सभेत दाखवलेली वसाहतीची छायाचित्रेही अशीच होती. त्यांत रस्ता कोजागरीच्या रात्रीसारखा दिसत होता. त्या रस्त्यावर माणूस मात्र एकही नव्हता. मोजणीच्या सोयीसाठी आम्ही सुरक्षारक्षकाला सांगून तो काही वेळ मोकळा ठेवला होता.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच लक्समीटर घेऊन त्या वसाहतीत गेले. रात्रीचे साडेआठ झाले होते. थंडी पडू लागली होती, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास येत होता आणि आवारातल्या बुचाच्या झाडाखाली पांढरी फुले पडली होती. या वेळी मीटर जमिनीवर न ठेवता मी तो माझ्या चेहऱ्याच्या उंचीला, साधारण दीड मीटरवर, उभा धरला आणि रस्त्याने चालत राहिले. दोन पोलांच्या मध्यावर, जिथे जमिनीवरचा उजेड सर्वांत कमी, तिथे चेहऱ्यावर तीन लक्सपर्यंत उजेड मिळत होता, कारण समोरचा दिवा तिरका चेहऱ्यावर येत होता. पोलाच्या अगदी खाली आले आणि आकडा घसरला. पोल ओलांडून दोन पावले पुढे गेले, तेव्हा जमिनीवर १८ लक्स आणि चेहऱ्यावर ०.४ लक्स होते. मागचा दिवा डोक्यामागे गेला होता आणि पुढचा दिवा इतका दूर होता की सपाट काचेचे फिटिंग तेवढ्या तिरक्या कोनात उजेड पाठवतच नव्हते. ते फिटिंग मी त्याच गुणासाठी निवडले होते, कारण तिरका उजेड कमी म्हणजे डोळे दिपणे कमी. माझ्या आराखड्यातली सर्वांत उजळ जागा हीच माणसाचा चेहरा सर्वांत काळा होण्याची जागा होती.

तेवढ्यात समोरून कुणीतरी आले. पायाखालचा रस्ता लख्ख दिसत होता, चपलांचे पट्टे दिसत होते, हातातली पिशवी दिसत होती. वर एक काळी आकृती होती आणि तिच्यामागे दिव्याची पांढरी चौकट. मी नकळत रस्त्याच्या कडेला सरकले. ती व्यक्ती अगदी जवळ आल्यावर म्हणाली, "अहो, तुम्हीच ना दिवे बसवलेत आमचे?" त्या वसाहतीच्या समितीतल्याच बाई होत्या. गेले वर्षभर मी त्यांच्याशी बोलत होते.

रात्रीच्या रस्त्यावर एकट्या बाईने कडेला सरकणे म्हणजे काय, हे मी कुणाकडून शिकण्याची गरज नाही. विद्यार्थिदशेत सोडियमच्या पिवळ्या उजेडातून वसतिगृहाकडे परतताना मी समोरच्या आकृतीची चाल ओळखायला शिकले होते, अंतराचा अंदाज घ्यायला शिकले होते, पदर किंवा ओढणी आवळून घ्यायला शिकले होते. तरीही पंचवीस वर्षे या धंद्यात काढून मी ती भीती माझ्या आराखड्यांच्या बाहेर ठेवली. तिला मोजण्याचे एकक नाही, असा माझा समज होता.

एकक होते. डच अभियंते व्हॅन बॉमेल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नेमके हेच मोजले होते. पादचाऱ्याला समोरच्या माणसाचा चेहरा निदान चार मीटरांवरून ओळखता यायला हवा, म्हणजे थांबायला, वळायला किंवा हसायला वेळ मिळतो, हा त्यांचा आधार होता. चेहरा सपाट नसतो, गोलसर असतो, म्हणून त्यांनी उभ्या अर्ध्या नळकांड्यासारख्या पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायची रीत सुचवली. त्यावर एक व्याख्यान आमच्याच सभेत कधीतरी झाले होते. मी त्या दिवशी हजरही होते. तेव्हा मला तो विषय परदेशी चौकांच्या आणि पादचारी मार्गांच्या कामाचा वाटला होता.

त्या रात्री घरी परतताना मला आजीचा कंदील आठवला. आमचे आजोळ रत्नागिरीकडचे, लाल चिऱ्यांचे अंगण आणि पुढे माडांचा काळोख. वीज आली होती, पण पावसाळ्यात ती असल्यापेक्षा नसायचीच अधिक. तिन्हीसांजेला आजी राखेने पुसलेली काच कंदिलावर चढवायची, वात खाली-वर करून ज्योत सारखी करायची आणि तो ओटीवर खाली ठेवायची. खाली ठेवलेल्या कंदिलात पाट दिसायचे, पायऱ्या दिसायच्या. बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, कुणाची चाहूल लागली की ती कंदील उचलायची आणि हात लांब करून येणाऱ्याच्या हनुवटीच्या उंचीला धरायची. "कोण?" विचारेपर्यंत चेहरा उजळलेला असायचा. कंदिलाची कडी कुरकुरायची, रॉकेलचा वास यायचा, आणि येणाऱ्याच्या चेहऱ्यावर ओळखल्याचे हसू उमटायचे, कारण त्यालाही त्याच उजेडात आजी दिसत असे. एवढ्याशा ज्योतीचा उजेड हात लांब केल्यावर समोरच्या चेहऱ्यावर किती पडत असेल, याचा हिशेब मी त्या रात्री केला; पाच-सात लक्स तरी सहज. अंगणात मात्र एक लक्सही नसणार.

आणखी एक व्याख्यान त्या दिवसांत पुन्हा पुन्हा आठवत राहिले. एका वास्तुरचनाकारांनी कोल्हापूरच्या किरणोत्सवावर बोलताना सांगितले होते की मावळतीचे किरण वर्षातून दोनदा, नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या अखेरीस, पश्चिमेच्या दाराने आत येतात आणि महालक्ष्मीच्या चरणांपासून मुखाकडे चढत जातात. वाटेतल्या इमारतींमुळे ते आता कधी मध्येच अडतात, याची हळहळही त्यांनी बोलून दाखवली होती. तेव्हा आम्ही कोन मोजले, क्षितिज मोजले, आणि त्या मंदिराच्या रचनाकारांबद्दल आदर बाळगून घरी गेलो. देवीच्या मुखावर उजेड पडावा म्हणून कुणीतरी सूर्य क्षितिजाला टेकण्याची वाट पाहिली होती, हे मला तेव्हा सुचले नाही.

माघातल्या सभेसाठी मी कार्यवाहांकडे दहा मिनिटे मागितली. त्यांनी सभाच त्या वसाहतीत घेऊ या, असे सुचवले. पंचवीसेक जण आले, त्यांत महाविद्यालयाचे आठ विद्यार्थी होते. चहा समितीच्या बाईंनी केला. मी पडदा, आलेख, छायाचित्रे यांतले काहीच आणले नव्हते. पोलाच्या पुढे दोन पावलांवर आम्ही एकेकाला उभे केले. बाकीच्यांनी पाठ फिरवायची, मग एकेकाने वळून लांबून चालत यायचे आणि समोरचा माणूस कोण हे कळेल त्या जागी थांबायचे. थांबल्या जागी खडूने रेघ ओढायची आणि नाव लिहायचे. पोरांच्या रेघा सहा-सात मीटरांवर पडल्या, कारण त्यांनी केसांवरून आणि उभे राहण्याच्या ढबीवरून ओळखले. माझी रेघ साडेचार मीटरांवर पडली. मग काका चालत आले. ते दर पावलाला थांबत होते, कपाळावर हात आडवा धरून मागचा दिवा डोळ्यांआड करत होते, आणि पुन्हा एक पाऊल टाकत होते. समोर मी उभी होते. मला त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता, कारण त्यांच्यावर माझ्या मागचा दिवा येत होता. अडीच मीटरांवर येऊन ते म्हणाले, "मॅडमच आहेत."

त्यानंतर तासभर त्या रस्त्यावर जी चर्चा झाली, तशी मी सभागृहात फार वर्षांत ऐकली नव्हती. नाटकवाल्या गृहस्थांचे म्हणणे होते की अधूनमधून कमी उंचीचे, मंद, पिवळसर दिवे हवेत. एकाने फिटिंगची काच बदलून थोडा उजेड तिरका पाठवण्याचा आग्रह धरला, तर दुसऱ्याने त्यामुळे पहिल्या मजल्यावरच्या झोपण्याच्या खोल्यांत उजेड शिरेल असे दाखवून दिले. काका म्हणाले, की पूर्वी कुंपणाच्या भिंतींना चुना असे, आणि चुन्याच्या भिंतीजवळ पोल असला की गल्ली वेगळीच उजळायची. आम्ही तिथल्या तिथे एका घरातून दोन पांढऱ्या चादरी मागून आणल्या आणि चौघांनी त्या पोलाशेजारच्या भिंतीवर ताणून धरल्या. मीटर उभा धरला. ०.४ चा आकडा १.१ वर गेला. समितीच्या बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या मीटरकडे पाहतच नव्हत्या; पलीकडे उभ्या असलेल्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "अगबाई, याला चष्मा आहे."

नवे पोल घालायला समितीकडे पैसे नाहीत, आणि ते मी समजू शकते. शेवाळलेली प्लास्टरची भिंत रंगवायला त्या तयार झाल्या. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जुन्या काळ्या दगडाचे कुंपण आहे, त्यावर रंग चढवावा असे मात्र मलाही सुचवता आले नाही. ते दगड फार सुंदर आहेत आणि ते सगळा उजेड गिळून टाकतात. त्या बाजूला काय करावे, हे मला अजून सुटलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहिलेली वायर आणायला मी पुन्हा तिथे गेले. ऊन वर आले होते आणि शाळेला निघालेल्या दोन मुली रस्त्यावरच्या खडूच्या रेघांवरून उड्या मारत चालल्या होत्या. बाकीच्या रेघा एकमेकींजवळ होत्या, काही एकमेकींवरही होत्या. काकांची रेघ त्या सगळ्यांपासून दूर, पोलाच्या जवळ, एकटी होती. तिच्यावर बुचाचे एक फूल पडले होते. मी टेप काढून ते अंतर पुन्हा एकदा मोजले, या वेळी सेंटिमीटरपर्यंत, आणि वहीत नेत्रतज्ज्ञांच्या त्या दोन रेघा मारलेल्या ओळीखाली लिहिले: २४७.